देहाची पाठनिश्चिती

१

मराठीत स्वतःविषयी लिहू पाहणाऱ्या व्यक्तीला पहिल्याच वाक्यात एक गोष्ट सांगून टाकावी लागते, आणि ती सांगितली गेल्याचे तिला बहुधा भानही नसते. 'मी जातो' किंवा 'मी जाते', 'मी आलो' किंवा 'मी आले' असे क्रियापद उच्चारताच बोलणाऱ्याचे लिंग ठरून जाते. इंग्रजी किंवा बंगाली लेखकावर ही सक्ती नाही. व्याकरणाच्या वर्गात लिंगविचार शिकवताना आपला सारा भर नामांवर असतो. नदी स्त्रीलिंगी का, ओढा पुल्लिंगी का आणि तळे नपुंसकलिंगी का, याला रूढीपलीकडे उत्तर नाही, हे आपण विद्यार्थ्यांना हसत सांगतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. आजही हे प्रकरण अभ्यासक्रमात पक्के आहे. परंतु वस्तूंच्या लिंगाला रूढी म्हणणारे आपण बोलणाऱ्याच्या 'मी'ला लागणाऱ्या प्रत्ययाकडे मात्र वस्तुस्थिती म्हणून पाहतो.

त्याच व्याकरणाने काही आडोसेही ठेवले आहेत. 'मला वाटते', 'मी लिहिले', 'मी जाईन', 'मी वाचत असे', 'मी शिकवत आहे' या रूपांत बोलणाऱ्याचे लिंग उमटत नाही. 'आम्ही गेलो' हे पुरुषांचे आणि स्त्रियांचे सारखेच. आणि सर्वांत मोठा आडोसा आपल्या समीक्षेच्या गद्याने पुरवला आहे. 'असे म्हणता येईल', 'असे दिसते', 'याचा विचार व्हायला हवा' अशी ती निर्वैयक्तिक वाक्ये. साहित्याचे अध्यापन आणि लेखन करताना गेली वीस-बावीस वर्षे मी या आडोशांत राहत आले आहे की राहत आलो आहे, हे मला कोणी विचारले नाही, कारण ते विचारण्याची वेळ येणार नाही अशीच वाक्ये मी लिहीत असे. ज्याला माझ्या लेखनातील वस्तुनिष्ठता म्हणून कधी कधी दाद मिळाली, तिचा एक भाग हा होता.

मी आता सेहेचाळिसाव्या वर्षात आहे. जन्मनोंदीत, सेवापुस्तकात आणि मतदार यादीत माझी नोंद स्त्री अशी आहे. गेल्या दीड वर्षापासून माझ्यापुढे एक प्रश्न आहे : टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी समजले जाणारे संप्रेरक, म्हणजे रोजच्या बोलण्यातले हार्मोन, घ्यावे की घेऊ नये. हा वैद्यकीय प्रश्न आहे, तसाच तो कौटुंबिक आणि कायद्याचाही आहे. तो साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात मांडण्याचे कारण एवढेच की, त्याचा उलगडा होण्याची रीत मला आपल्याच अभ्यासक्षेत्राच्या एका जुन्या, काहीशा उपेक्षित शाखेने दिली. त्या शाखेकडे मी शेवटी येईन.

२

आमचे गाव डाळज. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणच्या पुढे इंदापूरच्या बाजूला हे नाव लागते, तेही एकटे नव्हे. डाळज नंबर एक, दोन आणि तीन. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याने या सगळ्या पट्ट्याचा नकाशा बदलला. नदीकाठची जमीन पाण्याखाली गेली, उसाला पाणी मिळाले, शेतकऱ्यांच्या वस्त्यांशेजारी मासेमारी आली, भिगवणला मासळीचा बाजार उभा राहिला. शेजारच्या पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाण्यात गेले. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी फार उतरले की ते दिसू लागते आणि माणसे ते पाहायला जातात. तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येते : 'खरं गाव खाली हाय.'

'जेंडर फ्लुइडिटी' या संज्ञेसाठी मराठीत आता 'लिंगभावाची तरलता' किंवा 'प्रवाही लिंगभाव' असे शब्द रूढ होत आहेत. दोन्ही पाण्याची रूपके आहेत. मला ती पूर्णपणे पटत नाहीत, आणि त्याचे कारण डाळजचे पाणी हे आहे. आमच्याकडचे पाणी वाहत नाही. ते साठते, चढते आणि उतरते. किती चढावे हे पावसावर अवलंबून असते, तसेच ते कुठे तरी घेतलेल्या निर्णयांवरही अवलंबून असते. माझा अनुभव वाहण्यापेक्षा या चढउताराच्या जवळचा आहे. काही आठवडे 'ती' म्हणून जगण्यात मला काहीच खुपत नाही. साडी नेसणे मला मनापासून आवडते. मग काही आठवडे असे येतात की 'मॅडम' ही हाक कानावर पडली की मागे वळून कोणाला बोलावले आहे ते पाहावेसे वाटते. या दोहोंपैकी एक अवस्था खरी आणि दुसरी वरवरची, असे ठरवण्याचा प्रयत्न मी अनेक वर्षे करत असे. पाणी उतरल्यावर दिसणारे तेवढे खरे, हा पळसदेवचा तर्कच मी स्वतःला लावत असे. पण पाण्यावर पोट भरणाऱ्या माणसाचे गावही खरेच आहे.

एका बाबतीत मात्र चढउतार नव्हता. थंडीच्या दिवसांत घसा बसला की माझा आवाज खाली उतरे. आठवडाभर तो छातीतून येई. घरचे हळदीचे दूध देत, वर्गातले विद्यार्थी 'आज नका बोलू' म्हणत, आणि त्या आठवड्यात मला एक प्रकारची स्वस्थता लाभे. आवाज पूर्ववत झाला की ती जाई. कपडे, केस, चालणे यांतल्या कशाहीबद्दल मला इतके निश्चित असे काही सांगता येणार नाही. टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू जाड होतात आणि आवाज कायमचा उतरतो, हे वाचनात आले तेव्हा प्रश्नाला प्रथमच नेमके रूप आले.

घरी भाषेने मला एक वेगळीच जागा दिली होती. आई माझ्याविषयी शेजारणीशी बोलते तेव्हा अजूनही म्हणते, 'माझं पोरगं आलंय पुण्याहून.' लेकरू, पोरगं, पाडस, वासरू : मायेची ही सगळी नामे नपुंसकलिंगी आहेत. ज्या लिंगाला व्याकरणाने 'नपुंसक' असे हिणकस नाव दिले, त्याच लिंगात आपली बोली सर्वांत जिव्हाळ्याने बोलते, याची नोंद आपल्या लिंगविचाराने घ्यायला हवी. कोल्हापूरकडच्या बोलीत स्त्रिया सहजपणे 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वाला धक्का लागल्याचे कोणाला वाटत नाही. प्रमाण भाषेने क्रियापदाशी बांधलेली गाठ बोलीत किती सैल असू शकते, याचे हे रोजचे उदाहरण आहे.

३

माझा पीएच.डी.चा प्रबंध संतकवितेतील स्त्री-निवेदकांवर आहे. ज्ञानदेवांच्या विरहिण्या, एकनाथांच्या गौळणी आणि भारुडे यांत पुरुष कवी स्त्रीच्या मुखाने बोलतो. विठ्ठल विठाई होतो, ज्ञानदेव माउली होतात. दर आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून बेलवाडीचे रिंगण करून निमगाव केतकीमार्गे इंदापुरात येते, तेव्हा दाढीमिशा असलेली माणसे एकमेकांना 'माउली' म्हणून हाक मारतात. या परंपरेचा आधार घेऊन 'आपल्या संस्कृतीत लिंगभाव पूर्वीपासूनच लवचिक होता' असे म्हणणे सोपे आहे, आणि अलीकडे ते पुष्कळदा म्हटलेही जाते. मला त्याबाबत दोन अडचणी दिसतात.

पहिली अशी की, या प्रत्येक लवचिकतेला एक चौकट आहे. विरहिणीला भक्तीची चौकट आहे. बालगंधर्वांना (१८८८-१९६७) रंगभूमीची होती. 'मानापमान'मधील भामिनी (१९११), 'स्वयंवर'मधील रुक्मिणी (१९१६), 'एकच प्याला'मधील सिंधू (१९१९) या भूमिकांनी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय स्त्रियांना नेसण्याचे आणि नटण्याचे वळण दिले, पण ते वळण रंगमंचावरून आलेले आहे हे सर्वांना ठाऊक होते. जोगत्याला यल्लम्मा देवीची चौकट आहे. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' या कादंबरीत ती चौकट एका माणसाचे काय करते हे दिसते. तमाशातल्या नाच्याला विनोदाची चौकट आहे. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधील पैलवान गुणा फडाबाहेर पडला की त्या चौकटीचा हिशोब त्याच्याकडून कसा वसूल होतो, हे वाचकांना आठवत असेल. चौकटीच्या आत समाज जे डोक्यावर घेतो, तेच चौकटीबाहेर आले की त्याला ते सोसत नाही. अपवाद आहेत. नीरेपलीकडे, माळशिरस तालुक्यातील तरंगफळ या गावाने २०१७ साली ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच म्हणून निवडून दिले. ग्रामपंचायत ही भक्तीची जागा नव्हे आणि तमाशाचीही नव्हे, म्हणून मला ती घटना महत्त्वाची वाटते.

दुसरी अडचण माझ्या अधिक जवळची आहे. वर दिलेली सर्व उदाहरणे पुरुषाकडून स्त्रीकडे जाणारी आहेत. उलट दिशेने जाणाऱ्या व्यक्तीसाठी परंपरेने चौकटसुद्धा फारशी ठेवलेली नाही. स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांत पुरुषपात्रे स्त्रियाच करीत, पण त्यांतून कोणी बालगंधर्व झाल्याची आठवण महाराष्ट्राने जपली नाही. स्त्रीमधील पुरुषपणाला आपण गुण मानतो, आणि गुण मानले की त्याला अस्तित्व द्यावे लागत नाही. वडील वारल्यावर सातबाऱ्यापासून साखर कारखान्याच्या बिलापर्यंतचे सर्व व्यवहार माझ्याकडे आले, तेव्हा भावकीतली माणसे आईला म्हणत, 'पोरगी न्हाय, पोरगाच हाय तुझा.' ती शाबासकी होती आणि मलाही ती गोड लागे. मात्र हेच वाक्य त्या माणसांनी अक्षरशः घ्यावे, असे मी म्हटले असते, तर शाबासकी तिथेच संपली असती. पुरुषासारखी असणे आणि पुरुषाच्या आवाजात बोलणे यांत जी रेघ आहे, ती रेघ टेस्टोस्टेरॉन ओलांडते. परंपरा मला त्या रेघेपर्यंत सोबत करते आणि तिथे थांबते, हे प्रबंध लिहिताना मला दिसले नव्हते, कारण प्रबंधात आवाज होता तो कवितेचा. शरीराला तिथे जागा नव्हती.

४

संप्रेरके सुरू करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलण्याची पद्धत आहे. मी ज्यांच्याकडे गेल्या वर्षी सल्ल्यासाठी जात असे त्या डॉक्टर समंजस आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने लिंगभावाची विसंगती मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढली. ती आवृत्ती २०१९ साली स्वीकारली गेली आणि २०२२पासून लागू झाली. हे त्यांनीच मला पहिल्या भेटीत समजावून सांगितले. तरीही त्यांचा पहिला प्रश्न होता, 'असं कधीपासून वाटतं?'

प्रश्न स्वाभाविक आहे. पण आत्मकथने शिकवणाऱ्या माणसाला त्या प्रश्नात एका कथानकाचा आराखडा दिसल्याशिवाय राहत नाही. बालपणीच जाणवलेले वेगळेपण, तारुण्यातील कोंडमारा, शोध, आणि शेवटी शरीर आणि आत्मा यांची जुळणी : 'चुकीच्या देहात अडकलेला आत्मा' हे या कथानकाचे सूत्र. अनेकांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे आणि त्यांनी ते मोठी किंमत देऊन सांगितले आहे. माझे आयुष्य या आराखड्यात बसत नाही. लहानपणी मी भातुकलीही खेळत असे आणि विटीदांडूही. देहाचा मला तिटकारा नाही. माझ्याकडे आरंभ नाही, म्हणून मध्य आणि शेवट यांनाही आकार येत नाही. मग प्रश्न असा उरतो की, ज्याच्या जवळ पुरेसे सलग कथानक नाही, त्याला देहाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आहे की नाही.

आपल्या सार्वजनिक जीवनात या प्रश्नाची उत्तरे पुराव्याच्या भाषेत दिली गेली आहेत. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर २०१८ साली मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुरुष म्हणून ते पोलीस सेवेत राहिले. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्याचे त्या काळात वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. गावाने आणि खात्याने त्यांना स्वीकारले याचा आनंदच आहे, परंतु त्या स्वीकारामागे गुणसूत्राची साक्ष होती हेही विसरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नालसा' खटल्यात आपला लिंगभाव आपण ठरवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अयोग्य ठरवले. त्यानंतर आलेल्या २०१९च्या कायद्याने मात्र जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची वाट घालून दिली, आणि पुरुष किंवा स्त्री अशी बदललेली नोंद हवी असल्यास वैद्यकीय दाखल्याचीही. न्यायालयाने ज्याला निवेदन मानले त्याला कायद्याने पुन्हा पुराव्याकडे नेले.

याच्या तुलनेत लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या २०१२ साली आलेल्या आत्मकथनाचे शीर्षक पाहावे : 'मी हिजडा, मी लक्ष्मी'. दोन वाक्ये आहेत आणि एकातही क्रियापद नाही. ज्या भाषेत क्रियापद आले की लिंग येते, त्या भाषेत त्यांनी 'मी' दोनदा उच्चारला आणि पुरावा जोडला नाही. मराठी आत्मकथनाच्या इतिहासात या शीर्षकाचा विचार व्हायला हवा.

५

'निसर्गाने दिलेल्या शरीरात ढवळाढवळ कशाला?' हा आक्षेप मला एका जुन्या सहकाऱ्याकडून ऐकावा लागला, तोही काळजीपोटी. त्याला उत्तर शोधताना मला पुस्तकांपेक्षा आमच्या शिवारातला हंगाम अधिक उपयोगी पडला. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादम त्यावर उचल देतो. दिवस पडला की खाडा, म्हणजे दंड. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. या स्त्रियांपैकी अनेकींची 'पिशवी काढलेली' असते, तीही तिशीच्या आसपास. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या २०१९च्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली की शरीरातील संप्रेरकांचा पुरवठा एका दिवसात तुटतो. इतक्या मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या देहात केलेल्या या बदलाला 'निसर्गात ढवळाढवळ' म्हणून बांधावर कोणी हटकल्याचे मी ऐकलेले नाही. त्यात बदल करवून घेणारीची इच्छा किती आणि उचलीची सक्ती किती, हा प्रश्नही फार उशिरा विचारला गेला.

त्या स्त्रियांच्या दुःखाशी माझ्या प्रश्नाची बरोबरी करण्याचा हेतू नाही. माझी नोकरी कायम आहे, डॉक्टर माझ्याशी तासभर बोलतात. मला दिसले ते एवढेच की, आपल्याकडे देह बदलण्याला आक्षेप नसतो; देहाच्या धन्याने स्वतःच्या मर्जीने तो बदलण्याला असतो. शिवाय सेहेचाळिसाव्या वर्षी 'जसे आहे तसे राहणे' हा पर्यायही माझ्यापुढे नाही. काही वर्षांतच रजोनिवृत्ती येईल, इस्ट्रोजेन आपोआप उतरेल, हाडे, त्वचा आणि झोप बदलेल. बदल आणि स्थैर्य यांतून निवड करायची आहे असे मला आरंभी वाटत असे. प्रत्यक्षात निवड आहे ती दोन बदलांतून.

६

आता त्या उपेक्षित शाखेविषयी. पाठचिकित्सा हा विषय आमच्या विभागात पर्यायी आहे आणि तो घेणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. ज्ञानेश्वरीची ज्ञानदेवांच्या हातची प्रत कोणाजवळ नाही. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, उपलब्ध प्रती ताडून तिचा पाठ सिद्ध केला. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून मानलेल्या हस्तलिखितावरून वेगळा पाठ प्रसिद्ध केला. पुढेही संपादने होत राहिली. विद्यार्थी दरवर्षी विचारतात, 'मग यातली खरी ज्ञानेश्वरी कोणती?' आणि मी दरवर्षी सांगत असे की, मूळ संहिता हाती लागेपर्यंत थांबू असे एकनाथ म्हणाले असते, तर वारकऱ्यांच्या हाती काहीच पडले नसते. संपादक मूळ परत आणत नाही. तो उपलब्ध साक्षी तपासतो, एक पाठ स्वीकारतो, त्याची कारणे देतो, त्यावर आपला शक घालतो, आणि ज्या पाठांना वर घेता आले नाही त्यांना तळटीपेत जागा देतो. पाठनिश्चिती हा शोध कमी आणि उत्तरदायित्वाने घेतलेला निर्णय अधिक असतो.

हेच वाक्य वर्गात पुन्हा उच्चारताना गेल्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आले की, माझ्या प्रश्नाची मांडणीच आपण वेगळ्या रीतीने करायला हवी. आपण मुळात कोण आहोत हे सिद्ध झाले तरच संप्रेरके घ्यावीत, ही अट मी स्वतःला घालत असे. डॉक्टरांचा 'कधीपासून', कायद्याचा दाखला आणि माझा आत्मशोध हे तिन्ही एकाच मूळ प्रतीच्या मागावर होते. ती प्रत नाही. साक्षी आहेत, आणि त्या परस्परविरोधी आहेत : साडी आहे, सातबारा आहे, 'मॅडम' या हाकेचा परकेपणा आहे, बसलेल्या घशाचा तो आठवडा आहे. त्यांतून आज, या वयात, कोणता पाठ स्वीकारावा आणि त्याची जबाबदारी घ्यावी, एवढेच मला ठरवायचे आहे.

मी टेस्टोस्टेरॉन घेणार आहे. अंतःस्रावतज्ज्ञांनी तपासण्या केल्या आहेत. या औषधाने रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण वाढू शकते, म्हणून ते ठरावीक काळाने मोजावे लागेल. रक्तदाब आणि चरबीवरही लक्ष ठेवावे लागेल. त्वचेला लावायच्या जेलच्या अल्प मात्रेपासून सुरुवात होईल. मात्रा अल्प असली तरी हवा तेवढाच परिणाम निवडता येत नाही, हे मला स्पष्टपणे सांगितले गेले आहे. आवाजाबरोबर चेहऱ्यावर केस येतील, डोक्यावरचे विरळ होऊ शकतील. पाळी थांबेल, आणि औषध सोडले तर ती परत येऊ शकेल. आवाज परत येणार नाही. साडी मी नेसतच राहीन. कायद्याच्या प्रमाणपत्रासाठी तूर्त अर्ज करणार नाही, कारण प्रमाणपत्राला एकच पाठ चालतो आणि तळटीपांना तिथे रकाना नाही.

तळटीपेत काय जाणार आहे याचीही नोंद केली पाहिजे. आई पहाटे जात्यावरच्या ओव्या म्हणे. जाते बंद पडून दशके लोटली तरी तिला त्या आठवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रयत्नांतून जमलेला, एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह अभ्यासताना मी डाळजला आईजवळ बसून तिच्या ओव्या तिच्याच पट्टीत म्हणत असे. ती पट्टी माझ्या गळ्यातून जाईल. ओवी हा बाईचा स्वर आहे आणि तो माझाही होता. हा तोटा आहे. त्याला दुसरे नाव देऊन तो कमी होणार नाही. निर्णयाच्या बाजूने कितीही कारणे जमली तरी हे एक कारण विरुद्ध बाजूला तसेच राहिले, आणि ते खोडून न काढता निर्णय घेता आला पाहिजे, असे मला वाटते.

आईला हे सांगायला मी चार महिने घेतले. तिने सगळे ऐकून घेतले. 'दुखंल का?' हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा थोड्या वेळाने आला, 'आवाज बदलल्यावर फोनवर मला कसं कळंल, कोण बोलतंय ते?' तिच्या प्रश्नातले क्रियापद नपुंसकलिंगी होते. मी म्हटले, की हळूहळू बदलेल, तुझ्या कानाला सवय होत जाईल. तिला ते पटले की नाही, हे तिने सांगितले नाही. त्यानंतर ती आठवड्यातून एकदा फोन करत असे ती आता दोनदा करते.

जूनमध्ये नवे वर्ग सुरू होतील. विद्यार्थी 'सर' म्हणतील की 'मॅडम', याचा निर्णय मी त्यांच्यावर सोडणार आहे. 'तुम्ही' या आदरार्थी रूपाने त्यांची निम्मी अडचण आधीच दूर केली आहे. माझ्या क्रियापदाविषयी मात्र ही मोकळीक नाही. आजवर लिंग लपवणारी जी रूपे मला आसरा देत होती, त्यांच्याच आसऱ्याने हा लेखही जवळजवळ पूर्ण झाला आहे. वर्गात तसे फार काळ बोलता येणार नाही. 'मी आले' आणि 'मी आलो' ही दोन्ही रूपे माझ्या तोंडी येतील, कधी एकाच तासात. त्यांतील प्रत्येक रूप तेवढ्यापुरते स्वीकारलेला पाठ असेल. व्याकरणाच्या उत्तरपत्रिकेत ही चूक धरली जाते आणि मीही ती आजवर लाल शाईने खुणावत असे. यंदा ती खूण करण्यापूर्वी वाक्य कोणाचे आहे, एवढे मी विचारीन.